सृष्टीला लागलेली हळद

कुपवाड,
१४ मे २०२५

कपिल्या,

बिरोबाच्या नावानं चांगभलं. पाकिटावरचं अक्षर बघून डोळं पांढरं झालं आसतील तुजं. व्हय, मीच हाय, विश्वा. गेल्या साली फायनलला तुमच्या साताऱ्याच्या कॉलेजनं आमच्या सांगलीच्या कॉलेजला पंच पटवून हरवलं, त्यावरनं आपुन वर्गाच्या ग्रुपवर भांडलो आन ग्रुप चालवनाऱ्या आकारामनं दोघांनाबी ग्रुपातनं हाकलून दिलं. तवा तू म्हनलास, विश्वाला जल्मात फोन करनार न्हाई. मीबी बिरोबाची आण घेतली, कपिल्याचा फोन आला तरी उचलनार न्हाई. पर आण फोनची हाय. पत्राचं कुनी नाव काडलं नव्हतं. म्हनून पोस्टात गेलो. खिडकीवरल्या बाईनं इचारलं, एवढं हसत हसत कुणाला लिवताय. म्हनलं, वैऱ्याला.

आता नीट बसून वाच. आपल्या गावच्या अर्जुनातात्याची सृष्टी बारावी पास झाली. पोरगी कबड्डीत काय हाय ते तुला सांगाय नकू, आपल्या हायस्कुलाला तिनं एकटीनं राज्याच्या सामन्यापतोर वडत न्हेलंय. चढाईला गेली की रिकाम्या हातानं माघारी येत न्हाई. डावा पाय फुडं टाकून उजवीकडं उडी घेती, तिथं भल्या भल्या पोरी चुकत्यात. तर ही सृष्टी जूनपास्नं आमच्या सांगलीच्या कॉलेजाकडनं खेळनार. आमच्या हळदी मंडळानं कुपवाडच्या चौकात फ्लेक्ससुदिक लावलाय, 'सांगलीची वाघीण'. आमचा कोच परवा चहाच्या गाड्यावर सोता म्हनला, बोलनं चालू हाय. बोलनं चालू हाय म्हंजी काय र्‍हायलं?

तुला म्हाईतच हाय आमचा रिवाज. आमच्या पोरींची जर्सी पिवळी, म्हनून आमी हळदीवालं. नवीन पोरगी संघात आली की मंडळ तिच्या कपाळाला आन गालाला हळद लावतं, मग ती आमची. औंदा ती हळद सृष्टीला लागनार. तुमी पेढेवाल्यांनी पेढं खाऊन गप झोपावं.

आन हो, आपुन दोघंबी ह्यातल्या कुठल्याच कॉलेजची पायरी चढलो न्हाई, पर म्हनून काय झालं. देवळाचा पुजारी नसला तरी मानूस टाळ्या वाजवतोच.

तुजा नव्हं,
विश्वजित


शिरवळ,
२० मे २०२५

विश्वा,

जय भीम. तुझं पत्र कंपनीच्या गेटवर आलं. सिक्युरिटीवाल्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. हातानं लिहिलेलं पाकीट त्यानं लय दिवसांनी बघितलं होतं.

तुझ्या फ्लेक्सचा फोटो माझ्याकडं तुझ्या पत्राच्या आधी पोचलाय. वर सगळे नेते, मधे तुमचं अख्खं मंडळ, त्यातला तुझा दोस्त जोतीराम गॉगल घालून मोटरसायकलीवर, आणि ज्या पोरीचं अभिनंदन ती खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. जोतीरामचा गॉगल तिच्या तोंडापेक्षा मोठा आहे. आमच्या लाइनवरच्या पोरांनी विचारलं, ह्यातली वाघीण कुठली. मी म्हटलं, शोधा आणि बक्षीस मिळवा.

गड्या, बारसं करायच्या आधी पोर जन्माला यावं लागतं. तिनं सही केलीय का? केलेली नाही. आमच्या साताऱ्याच्या कोच मॅडमनी मात्र तिच्याशी स्वतः बोलणं केलंय. आमच्याकडं मुलींचं हॉस्टेल मैदानाला लागून आहे. तुमच्याकडं काय आहे, चहाचा गाडा.

आता थट्टा बाजूला. तुला एक गोष्ट माहीत नाही असं दिसतंय. आटपाडीकडचं एक स्थळ सृष्टीला बघून गेलंय आणि त्यांना पोरगी पसंत आहे. तात्या म्हणतात दिवाळीच्या आत बार उडवून टाकू. म्हणजे पोरगी सांगली का सातारा हा प्रश्नच नाही. ती इथून पुढं खेळणार का नाही, हाच प्रश्न आहे. तिनं माझ्या आईला विचारलं म्हणे, मुक्तामावशी, लग्न झाल्यावर खेळू देतात का गं. आईनं पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि विषय बदलला.

हे सगळं मला आईनं फोनवर सांगितलं. मी काही गावाकडं फिरकलेलो नाही. पण तात्यांनी दारातला नवा नळ उगीच उजव्या अंगाला बसवला, येणाराजाणारा धडपडतो.

तुझाच, पण साताऱ्याचा,
कपिल


कुपवाड,
१ जून २०२५

कपिल्या, लबाडा,

गावाकडं फिरकला न्हाईस तर नळ उजव्या अंगाला हाय हे तुला फोनवर दिसलं व्हय? आन पुरावा तर माज्या डोळ्यानं बघितला. सृष्टीच्या हरणाआजीनं आमच्याम्होरं सुपारी काडली ती साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या खोक्यातनं. बुद्धपौर्णिमेला घरी आलतास आन चोरून पेढं देऊन गेलास. तुज्या पत्राचा येकच उपेग झाला, की आमी हातपाय हलवलं. आटपाडीच्या आदी पोरीला रीतसर सांगलीला बोलवायचं, असं मंडळानं ठरवलं.

रविवारी आमी पाचजन गेलो. मालकाची जीप घेतली. समद्यांची पांढरी कापडं, गळ्यात पिवळी उपरनी. रिकाम्या हातानं कसं जायाचं म्हनून नारळ, बर्फीचा पुडा आन हरणाआजीला लुगडं घेतलं. पोरीला जर्सी द्यायची हुती, पर जर्सी अजून शिवून आली नव्हती. जोतीराम म्हनला, रंग म्हत्त्वाचा. त्यानं पिवळी साडी घेतली.

तात्या मेंढरं घिऊन कऱ्हाडच्या बाजूला गेल्यालं. घरात हरणाआजी आन सृष्टीची आय माया वैनी. आदल्या दिशी सांगावा धाडला हुता की सांगलीसनं पाचजन येत्यात, तर अंगण सारवून लख्ख. आमचा एवढा मान करतील असं वाटलं नव्हतं. कांदंपोहं आलं. मग सृष्टी चहा घिऊन आली, डोईवर पदर, मान खाली. मी आमच्या पोरांना म्हनलं, हिच्या लाजन्यावर जाऊ नका, मैदानात बगा.

मी मंडळाच्या वतीनं चार प्रश्न इचारलं. उंची किती, वजन किती, मोठं आजारपण काय झालंय का, गुडघा दुखतो का. गुडघ्याचं नक्की करावं म्हनून तिला धा उठाबशा काडाय लावल्या. पोरीनं पदर खोचून धडाधड काडल्या. हरणाआजीनं कपाळाला हात लावला. नंतर माया वैनीला हळूच म्हनत हुती, आता शेरात नवीन पद्धत आली आसंल.

मग आजीनं आमची चौकशी मांडली. ह्यात बिनलग्नाचा कोन, म्हनली. जोतीराम लगीच फुडं सरकला. त्याला शेती किती, दारू पितो का, आय कशी हाय, समदं इचारलं. त्यो सांगत बसला की सोताचं ग्रील वर्कशॉप हाय, वर दोन खोल्या हायत. मला आजीचं लय कौतुक वाटलं. नात ज्या संघाकडनं खेळनार त्या संघाची मानसं कशी हायत ते म्हातारी बघून घेती.

शेवटी नारळ दिला, साडी दिली, आन रिवाजापरमानं मी सृष्टीच्या कपाळाला आन गालाला हळद लावली. दारात बाया जमल्या हुत्या, येकीनं तर गानंबी धरलं. सृष्टी माज्याकडं अशी बघत हुती जशी चढाईला जायच्या आदी फुडच्या कोपऱ्याकडं बघती. पर शब्द काडला न्हाई. हळद पुसलीबी न्हाई.

आता सांग, पोरगी कुणाची? पेढेवाल्यानू, दुसरी बघा.

विजयी,
विश्वजित


शिरवळ,
९ जून २०२५

विश्वा, अरे देवमाणसा,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच राहिला. हसून पोट दुखलं. मी पेढे दिले, कबूल. पण मी पेढेच दिले रं, तू काय देऊन आलास ते तुला अजून कळलेलं नाही.

पाच पांढऱ्या कपड्यातली माणसं. नारळ. साडी. पोहे. पोरगी चहा घेऊन पदर घेऊन आली. बिनलग्नाचा कोण, शेती किती, दारू पितो का. मग भरल्या घरात, बाया गाणी म्हणत असताना, तू पोरीला हळद लावलीस. गाढवा, तू सृष्टीचं जोतीरामशी लग्न जमवून आलास.

खोटं वाटतंय? माझ्या आईला विचार. सगळ्या गावात झालंय की अर्जुनाच्या सृष्टीला कुपवाडच्या पोरानं मागणी घातली, हळदसुद्धा लागली. फक्त पोराकडचे थोडे विचित्र आहेत, मुलीला उठाबशा काढायला लावतात. आईनं मला विचारलं की हा जोतीराम कसा आहे. मी खरं सांगायला हवं होतं. पण तुझा फ्लेक्स डोळ्यांपुढं आला आणि तोंडातनं निघून गेलं, पोरगा चांगला आहे, गॉगल घालतो. आईनं ते हरणाआजीला सांगितलं. म्हणजे तुझ्या सरपणावर थोडं रॉकेल मी ओतलंय, नाही म्हणत नाही.

एक काम मात्र नामी झालं. आटपाडीवाल्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निरोप पाठवला, आधीच हळद लागलेली पोरगी आम्हाला नको. स्थळ गेलं. तुझे आभार. तुमच्या मंडळाला आयुष्यात पहिल्यांदा एक पकड जमली आणि तीही चुकून.

आता तात्या काही तिला सांगलीला पाठवत नाहीत. जिथं जोतीराम, तिथं पोरीला कोण ठेवणार? राहिलं एकच गाव. मी मॅडमना सांगून ठेवलंय, फॉर्म तयार ठेवा. या वेळचे पेढे तुला पोस्टानं पाठवतो.

खुशीत,
कपिल


कुपवाड,
१४ जून २०२५

कपिल,

हसायचं आसंल तेवढं हसून झालं का? आता आईक.

तात्या मेंढरं घिऊन माघारी आलं. माज्या माघारी माज्या पोरीला हळद कुणी लावली, असं इचारून त्यांनी समदं घर डोक्यावर घेतलं. हरणाआजी म्हनली, सांगलीचा इस्वा आलता. माजं कबड्डीचं येड त्यांना ठावं, तवाच त्यांना खरं काय ते कळलं, की मागनी न्हवती, कबड्डी हुती. त्यानं तर आनकीच पेटलं. तात्या म्हनलं, ज्या खेळापायी पोरीचं नाव चारचौघात गेलं त्यो खेळच नकू. सांगली नकू, सातारा नकू, कॉलेजच नकू. फारम भरायचं न्हाई. दुसरं स्थळ बघायचं आन दिवाळीत उरकायचं.

तुज्या आयनंच हे मला फोनवर सांगितलं. ती म्हनली, सृष्टी रोज पाटं उठून पळायची, ते बंद झालंय. बूट धुवून, वाळवून माळ्यावर ठेवलं म्हनं तिनं.

मला लय वाईट वाटलं रं कपिल. आपुन दोघं आपली हौस करत बसलो, आन घाव पोरीवर बसला.

हिकडं जोतीरामचं येगळंच. त्याला वाटतंय लगीन खरंच ठरलंय. त्यानं केसाला रंग लावलाय. त्याच्या आयनं मला गाठून इचारलं, सून कवा आनायची. मी दोन दिस मागल्या दारानं कामाला जातोय.

पुढच्या आयतवारी, बावीसला, तू गावाला ये. मीबी येतो. तात्याच्या पाया पडू, काय शिव्या घालायच्या त्या घालून घेऊ, पर पोरीचं कॉलेज सुटाय नगं. मग ती सांगलीला जाऊ दे न्हाईतर साताऱ्याला. व्हय, हे मीच लिवतोय. फोन करावा वाटला हुता, पर आदी तू कर म्हंजी मी करीन.

विश्वा


कवठे महांकाळ,
५ जुलै २०२५

विश्वजितकाका आणि कपिलकाका,

तुम्ही दोघं फोनवर बोलत नाही म्हणून तुम्हाला एकच पत्र लिहिते. तालुक्याला आले होते, इथंच झेरॉक्स काढून दोघांना पाठवते.

बावीस तारखेला तुम्ही आलात. विश्वजितकाकांनी आबांचे, म्हणजे तुमच्या तात्यांचे, पाय धरले, कपिलकाकांनीही धरले. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण कपिलकाका म्हणाले की साताऱ्याचं मैदान चांगलं. त्यावर विश्वजितकाका म्हणाले की मैदानाचं काय, पंच तर विकत घेता. मग तुम्ही आमच्या अंगणात गेल्या वर्षीची सगळी फायनल परत खेळलात. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही दोघं ह्यातल्या कुठल्या कॉलेजात शिकलाय? आबा त्या दिवशी रात्री जेवताना पहिल्यांदा हसले. आजी म्हणाली, त्या हसण्यामुळंच माझं काम झालं.

आता एक गोष्ट सांगते. त्या रविवारी तुम्ही उठाबशा काढायला लावल्यात तेव्हाच मला कळलं होतं की हे स्थळ नाही, कबड्डी आहे. बघायला आलेले कुणी गुडघ्याचं विचारत नाहीत. तरी मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, हळद लागू दे, आटपाडीचं स्थळ परत जाईल. ते गेलं. पण आबा एवढे चिडतील असं मला वाटलं नव्हतं. माझी चढाई अर्धीच जमली.

आबांनी शेवटी असं ठरवलंय. कॉलेजला जा, खेळ. पण दिवाळीच्या आधी ते एक सामना स्वतः बघणार. त्यांनी जन्मात कबड्डी बघितलेली नाही. ते म्हणाले, पोर नुसती नाचत असली तर तिथूनच घरी आणीन आणि दिवाळीत लग्न करीन. त्यात काही दम दिसला तर पदवी होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. आबा शब्द फिरवत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

मी साताऱ्याला सही केली. विश्वजितकाका, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या फ्लेक्सवर माझा फोटो होता, पण सांगलीतनं मला कुणी विचारलं नाही की तुला काय शिकायचंय. साताऱ्याच्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. शिवाय जोतीरामकाका रोज संध्याकाळी सांगलीच्या मैदानावर येतात, हे आबांच्या कानावर आलंय.

आबा बघणार तो सामना सांगलीला आहे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तुमच्याच कॉलेजविरुद्ध. त्यांना बस स्टँडवरून मैदानावर आणायचं काम विश्वजितकाकांचं. हळद तुम्ही लावलीत, तर हेही तुम्हीच करायचं.

सृष्टी


शिरवळ,
२२ सप्टेंबर २०२५

विश्वा,

सृष्टी आमची झाल्यावर मी तुला पेढे पाठवणार होतो, पण पाठवले नाहीत. त्या पोरीनं आपल्याला जे सुनावलंय त्यानंतर पेढा घशाखाली उतरत नाही.

सामन्याला मला येता येत नाही. त्या आठवड्यात कंपनीत ऑडिट आहे, सुपरवायझरला सुट्टी नाही. म्हणजे तात्यांच्या शेजारी तू एकटाच बसणार. आणि मी इथं मशिनीपाशी उभा राहून विचार करणार की तू त्या दिवशी कुणाचा असशील. सृष्टी चांगली खेळली तर तुझी सांगली हरते. वाईट खेळली तर तुझी सांगली जिंकते आणि पोरगी घरी जाते. तुझ्यासारख्या माणसाला देवानं असा पेच टाकायला नको होता. तात्यांना चुकून भलत्याच मैदानावर नेऊन व्हॉलीबॉल दाखवशील, अशी धास्ती मला वाटते.

माझी बहीण क्रांती तुला आठवते ना? ती शाळेत आपल्यापेक्षा चांगली खेळायची. दहावी झाल्याबरोबर तिचं लग्न करून दिलं. मी काही बोललो नाही, मला तेव्हा वाटायचं असंच असतं. आता तिच्या पोरीच्या शाळेत सामने असले की ती कुंपणाबाहेर उभी राहून ओरडते, आणि घरी आल्यावर दोन दिवस तिचा आवाज बसलेला असतो. म्हणून सांगतो, तात्यांना नीट समजावून सांग. बाद म्हणजे काय, बोनस म्हणजे काय, सगळं. एवढं माझ्यासाठी कर.

कपिल


कुपवाड,
५ ऑक्टोबर २०२५

कपिल,

काल सामना झाला. फोन करून सांगनार हुतो, आण गेली खड्ड्यात म्हनलं, पर फोनवर मला नीट बोलता आलं नसतं. म्हनून लिवतोय.

तात्या सकाळच्या गाडीनं आलं. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. गेटवरला शिपाई काठी आत न्हेऊ देईना. तात्या म्हनलं, मग मी हितंच बसतो. मी शिपायाला चहा पाजून काठी त्याच्या खुर्चीला टेकवली. जागा मिळाली ती आमच्या हळदीवाल्यांच्या मधीच. तुमच्या पोरी मैदानात आल्या तशी आमच्या पोरांनी 'पेढं खावा, घरी जावा' सुरू केलं. तात्यांनी इचारलं, काय म्हनत्यात. मी सांगितलं, पावन्यांचं स्वागत करत्यात.

पयल्या अर्ध्या डावात माजा जीव टांगनीला लागला. सृष्टी चढाईला आली की आमच्या कोपऱ्यातल्या पोरी आदीच उजवीकडं सरकून तयार. डावा पाय टाकला की पकड. फिरून गेली, फिरून पकड. आन हे त्यांना शिकवलं कुणी? मीच. मे म्हयन्यात मी आमच्या कोचाला तिची समदी उडी चहाच्या गाड्यावर करून दावली हुती, तवा वाटलं हुतं पोरगी आपल्याकडंच येनार.

ती बाद हून बाहेर बसली. तात्या म्हनलं, का बसवली तिला. मी म्हनलं, बाद झाली. तात्यांनी घोंगडं आवरलं. तात्या म्हनलं, मग घरी न्यायची का. मी हात जोडून सांगितलं, तात्या, ह्यात मेल्यालं मानूस परत जित्तं व्हतं, जरा बसा. बसलं, पर घोंगडं खांद्यावरनं उतरवलं न्हाई. आन तुला खरं सांगू, त्या टायमाला आमच्या पोरींनी पकड केली की मला त्यांचाच राग येत हुता. जल्मात असं कवा झालं नव्हतं.

दुसऱ्या डावात सृष्टीनं डावा पाय टाकायचंच सोडलं. उजवा टाकाय लागली. आमच्या कोपऱ्याचा गोंधळ उडाला. येक येक गुन फिटत आला. पार शेवटी बरुबरी, आन अखेरची चढाई तिची.

आत गेली. येकीला शिवली, आन वळती तवर तिच्यासकट आमच्या चौघींनी धरली. येकीनं घोटा, येकीनं कंबर, दोघी अंगावर. पोरगी खाली पडली, नुसता आवाज येतोय, कबड्डी कबड्डी. आन माज्या बाजूचं घोंगडं उडालं. तात्या उठलं आन दोरी वलांडून मैदानात. मी धोतराचा सोगा धरला तर मलाबी फरफटत न्हेलं. तात्या आमच्या हळदीवाल्यांकडं वळून वरडलं, "चारचौगी मिळून येकटीला दाबत्यात आन तुमी टाळ्या वाजवताय?" दोन पंच त्यांना अडवाय धावलं.

तेवड्यात सृष्टीनं त्या ढिगाखालनं हात काडला. बोटं लांबवली. मधल्या रेघंला टेकली. आन शिट्टी वाजली. चौघीबी बाद, सामना साताऱ्याचा.

कपिल, मी मैदानात उभा हुतो, तात्याचं धोतर हातात, आन मी सृष्टीच्या नावानं वरडत हुतो. जोतीरामनं माज्या गळ्यातलं उपरनं काडून घेतलं. मंडळातनंबी हाकललं मला. माज्या डोळ्यात पानी आलं हुतं, पर त्या उपरन्यापायी न्हवं.

सृष्टी आली, कोपर सोललेलं. तात्यांच्या पाया पडली. त्यांनी तिचं कोपर हातात धरून बघितलं, घोंगड्याच्या कोरड्या टोकानं माती पुसली. ती माज्याकडं बघाय लागली, मी तिच्याकडं. तात्यांनी गेटवरनं काठी घेतली आन चालाय लागलं. स्टँडपतोर शब्द न्हाई. मी चहा पाजला. इचारायची छाती हुईना मला. कवठ्याची गाडी लागली. तात्यांनी येक पाय पायरीवर ठिवला आन माज्याकडं वळलं.

"इस्वा, फुडचा सामना कवा हाय?"

मी म्हनलं, साताऱ्याला हाय तात्या, पर ऐन दिवाळीत येतोय.

तात्या वर चढलं, खिडकीपाशी बसलं, काठी पायात उभी धरली. गाडी हालली तवा म्हनलं,

"दिवाळी काय रं, दरसाल येती."

विश्वा